बुळबुळीत थरातले मित्र

इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या भिंतीला बोट लावले की जाणवणारा बुळबुळीतपणा, सकाळी उठल्यावर जिभेला लागणारा दातांवरचा चिकट थर, फुलदाणीतले पाणी चार दिवस बदलले नाही तर देठांवर चढणारा चिकटा, या सगळ्यांकडे आपण घाण म्हणूनच पाहतो आणि ब्रश घेऊन कामाला लागतो. ते योग्यही आहे. मात्र याच प्रकारच्या थराच्या बळावर माणूस शेकडो वर्षे व्हिनेगर आणि चीज बनवीत आला आहे. हाच थर पिकांच्या मुळांवर बसला तर रोगापासून त्यांचे रक्षण करतो, आणि तळ्यातील माशांचे अन्नही बनतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. मराठीत त्यासाठी जैवपटल असा शब्द सुचविला जातो, परंतु प्रयोगशाळेत आणि कृषी विद्यापीठांतही बायोफिल्म हाच शब्द रुळला आहे.

जिवाणू म्हटले की पाण्यात एकेकटे पोहणारे ठिपके आपल्या डोळ्यांसमोर येतात. शालेय पुस्तकातील आकृत्यांनी करून दिलेली ही समजूत अपुरी आहे. निसर्गातील बहुसंख्य जिवाणू एकटे राहत नाहीत. ओलसर पृष्ठभाग मिळाला की ते त्याला चिकटतात, संख्येने वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. या आवरणात बहुशर्करा, प्रथिने आणि पेशीबाहेर पडलेला डीएनए असतो. उरलेला फार मोठा भाग निव्वळ पाण्याचा. आत पाणी खेळण्यासाठी बारीक वाटा असतात. वरच्या थरात प्राणवायू भरपूर, तर तळाशी जवळजवळ नाही, त्यामुळे वेगवेगळ्या सवयींचे जिवाणू एकाच वस्तीत वरच्या-खालच्या मजल्यांवर नांदू शकतात. एकाने टाकलेला पदार्थ दुसऱ्याचे अन्न ठरते. पुरेशी संख्या जमली आहे की नाही हे ते रासायनिक संदेशांवरून ओळखतात आणि त्यानंतरच काही कामे सुरू करतात. ग्रामसभेला जशी गणपूर्ती लागते तसाच हा प्रकार असून, इंग्रजीत शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नावही गणपूर्तीवरूनच आले आहे.

हा थर माणसाने प्रथम पाहिला तो स्वतःच्याच दातांवर. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापड व्यापारी आन्तोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ मध्ये दातांवरचा पांढरा चिकटा खरवडून आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यातील वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे जिवाणूशास्त्राने आपले लक्ष परीक्षानळीत मोकळ्या वाढणाऱ्या जिवाणूंवर केंद्रित केले. १९७८ मध्ये बिल कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिवाणू चिकटतात कसे’ या विषयावर लिहिलेल्या लेखानंतर थरात राहणाऱ्या जिवाणूंकडे स्वतंत्र विषय म्हणून पाहिले जाऊ लागले. सुरुवातीचा बहुतेक अभ्यास त्रासाचाच होता: रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या नळ्या, गंजणाऱ्या पाइपलाइन, दूध डेअरीतील यंत्रे. थरात दडलेल्या जिवाणूंना मारण्यासाठी मोकळ्या जिवाणूंच्या तुलनेत शेकडो पट, कधी हजार पट प्रतिजैविक लागते. साहजिकच बायोफिल्म म्हणजे शत्रू, असे समीकरण बनले.

परंतु चिवटपणा हा गुण कोणाच्या बाजूने वापरला जातो यावर त्याचे मूल्य ठरते. आपल्याला हवा असलेला जिवाणू पृष्ठभागाला घट्ट धरून बसला, वाहून गेला नाही, कोरडेपणात मेला नाही आणि परक्याला आत शिरू देईना, तर अन्न उद्योगाला आणि शेतकऱ्याला याहून अधिक काय हवे?

पाश्चर, लीबिग आणि लाकडाच्या ढलप्या

व्हिनेगरचेच उदाहरण घेऊ. गोव्यात माडाची सूर आंबवून व्हिनेगर करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समधील ऑर्लियाँ येथे वाइनपासून तो करण्याची पद्धत प्रसिद्ध होती. अर्धवट भरलेल्या पिंपात वाइनच्या पृष्ठभागावर एक पातळ पडदा धरतो, त्यातील जिवाणू हवेतील प्राणवायू घेऊन अल्कोहोलचे असेटिक आम्लात रूपांतर करतात. काम उत्तम, पण वेग मंद. कित्येक आठवडे जातात, कारण हवेशी संबंध येतो तो फक्त पृष्ठभागाचा.

१८२३ मध्ये जर्मनीत शुत्सेनबाख याने यावर तोड काढली. उंच पिंपात बीच झाडाच्या लाकडाच्या, रंधा मारल्यावर निघतात तशा कुरळ्या ढलप्या भरायच्या, वरून अल्कोहोलयुक्त द्रव थेंब थेंब सोडायचा आणि खालून हवा येऊ द्यायची. द्रव ढलप्यांवरून झिरपत खाली येतो आणि काही फेऱ्यांत, आठवड्यांऐवजी दिवसांत, व्हिनेगर तयार होतो. त्याच ढलप्या वर्षानुवर्षे चालतात. त्या काळी कोणालाही जिवाणूंचे हे काम ठाऊक नव्हते. शुत्सेनबाखने केवळ पृष्ठभाग वाढविला, आणि त्याच्या नकळत जिवाणूंच्या थराला राहायला प्रचंड जागा मिळाली.

हे काम नेमके कोण करते यावरून पुढे मोठा वाद झाला. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात व्हिनेगरचा अभ्यास करून हे सजीवांचे कार्य असल्याचे सांगितले. १८६८ मध्ये त्याचा यावरील ग्रंथही प्रसिद्ध झाला. जर्मनीतील ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते ही निव्वळ रासायनिक क्रिया होती. म्युनिकच्या कारखान्यातील ढलप्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तरी त्यांवर जिवाणूंचा मागमूस नाही, असा त्यांचा दाखला होता. पाश्चरने आव्हान दिले, की त्याच कारखान्यातील ढलप्या वाळवून पॅरिसला विज्ञान अकादमीकडे पाठवा, त्यांच्यावरचा पातळ थर मी दाखवून देतो. लीबिग यांनी ते आव्हान स्वीकारले नाही. ज्याला आज आपण बायोफिल्म म्हणतो त्याच्या अस्तित्वावरूनच दोन दिग्गजांमध्ये हा वाद झाला होता, हे आता मागे वळून पाहताना लक्षात येते. लीबिग यांचे नाव येथे आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवावे. पिकांना मातीतून खनिज द्रव्ये लागतात हा त्यांचा १८४० मधील सिद्धान्त पुढे रासायनिक खतांच्या युगाचा पाया ठरला.

व्हिनेगरच्या बाटलीत कधी कधी तळाशी किंवा वर जेलीसारखा गोळा दिसतो. ती भेसळ नव्हे. व्हिनेगरच्या जिवाणूंपैकी काही जाती आपले आवरण शुद्ध सेल्युलोजचे विणतात; हा पडदा सेल्युलोजचाच असल्याचे अ‍ॅड्रियन ब्राउन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखविले. फिलिपाइन्समध्ये याच गुणावर एक उद्योग उभा आहे. जून नारळाचे पाणी, जे खोबऱ्याच्या कारखान्यात एरवी गटारात जाते, ते साखर आणि थोडे आम्ल घालून उथळ ट्रेमध्ये ओततात, त्यात आधीच्या खेपेतील जिवाणूयुक्त द्रव मिसळतात आणि ट्रे न हलविता दोन-तीन आठवडे ठेवून देतात. वर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीची पांढरी लादी तयार होते. ती धुऊन, उकळून, चौकोनी तुकडे करून पाकात घातली की झाला ‘नाटा दे कोको’. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये फळांच्या रसाच्या बाटलीत दाताखाली येणारे पारदर्शक चौकोनी तुकडे ते हेच. म्हणजे हौसेने आपण जे चावून खातो तो जिवाणूंनी स्वतःसाठी विणलेला निवारा आहे. चहाच्या ‘कोंबुचा’ या आंबट पेयावर तरंगणारी चकती आणि कॉकेशस पर्वतराजीतून आलेल्या केफीर या दुधाच्या पेयातील फुलकोबीसारखे दाणे हेही याच घराण्यातले. केफीरच्या दाण्यांत जिवाणू आणि किण्व दोन्ही एकत्र नांदतात.

लाकडी फळ्यांचा झगडा

सिसिली बेटावर रागुसानो नावाचे चीज बनते. त्यासाठी कच्चे दूध ‘टिना’ या लाकडी पिंपात ओततात. बाहेरून विरजण घालत नाहीत. पिंपाच्या आतील लाकडावर बसलेला दुग्धाम्ल जिवाणूंचा थर काही मिनिटांतच दुधाला विरजण पुरवितो. फ्रेंच आणि इटालियन संशोधकांनी अशा अनेक पिंपांची तपासणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थरामध्ये दुग्धाम्ल जिवाणूंचेच राज्य आढळले आणि शोधलेले रोगजंतू मिळाले नाहीत. आम्लपणा, अपुरी जागा आणि आधीच वसलेले रहिवासी अशा वस्तीत नवख्याचा निभाव लागणे अवघड असते.

पक्क होण्यासाठी चीज ज्या लाकडी फळ्यांवर ठेवतात त्यांचाही असाच अभ्यास फ्रान्समध्ये झाला. फळ्यांवर मुद्दाम लिस्टेरिया हा घातक जिवाणू सोडण्यात आला. ज्या फळ्यांवर मूळचा थर जिवंत होता तेथे लिस्टेरियाची संख्या घटली. ज्या फळ्या तापवून तो थर मारला होता तेथे मात्र लिस्टेरिया वाढला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग बोलका आहे. अन्न सुरक्षेचा आपला सर्वसाधारण नियम ‘जितके निर्जंतुक तितके सुरक्षित’ असा असतो. येथे थर मारल्याने जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेत शत्रू शिरला.

तरीही कायद्याला हे पटायला वेळ लागतो. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लाकडी फळ्या पुरेशा स्वच्छ करता येत नाहीत अशी भूमिका घेतली, तेव्हा तेथील छोट्या चीज उत्पादकांनी गदारोळ केला आणि काही दिवसांतच प्रशासनाला नमते घ्यावे लागले. प्रशासनाची भीती अगदीच निराधार होती असे मात्र नाही. डेअरीच्या पाश्चरायझरमध्ये, दुधाच्या टँकरच्या सांध्यात, रबरी वायसरच्या भेगेत बसणारा थर हाच दूध नासण्याचे आणि कधी विषबाधेचे कारण असतो. भांडी न घासण्याचे समर्थन म्हणून कोणी हा लेख दाखवू नये, इतके सांगून पुढे जाऊ.

तळ्यात बांबू, पाण्यात चिपाड

मत्स्यशेतीत हा थर थेट अन्न म्हणूनच वापरला जातो. बांगलादेशात आणि पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमध्ये पाण्यात झाडाच्या फांद्या रोवून मासे आकर्षित करण्याची जुनी रीत आहे. फांद्यांवर शेवाळ, जिवाणू आणि बारीक जीव यांचा थर चढतो आणि मासे तो खरवडून खातात. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील शास्त्रज्ञांनी उसाचे चिपाड, भाताचा पेंढा आणि जलपर्णी तळ्यात टाकून तुलना केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कार्प माशांच्या वाढीसाठी उसाचे चिपाड सरस ठरले. साखर कारखान्यांच्या आपल्या राज्यात चिपाडाला बॉयलरमध्ये जाळण्यापलीकडेही उपयोग असू शकतो, याची ही एक खूण.

त्याच महाविद्यालयात आणखी एक कल्पक काम झाले. माशांना रोगप्रतिबंधक लस टोचणे म्हणजे एकेक मासा पकडून सुई लावणे. हजारोंच्या तळ्यात ते अशक्यच. खाद्यातून लस द्यावी तर पचनमार्गात ती नष्ट होते. संशोधकांनी एरोमोनास हा रोगकारक जिवाणू कायटिनच्या कणांवर थराच्या स्वरूपात वाढविला, मग तो मारून माशांना खाऊ घातला. चिकट आवरणामुळे जिवाणूचे घटक आतड्यापर्यंत शाबूत पोहोचले आणि मोकळ्या जिवाणूंच्या लसीपेक्षा चांगली प्रतिकारशक्ती निर्माण झाली. रुग्णालयातील डॉक्टरांना छळणारा गुण येथे उपयोगी पडला.

घरी मत्स्यपेटी असणाऱ्यांना थराचे आणखी एक काम परिचित असेल, भले त्याचे नाव ठाऊक नसो. फिल्टरच्या स्पंजवर वसलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली खळखळून धुतला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे का मरतात, याचे उत्तर यात आहे.

मुळांवरची वस्ती

खरा प्रश्न शेतीचा आहे, आणि तेथे पैसा शेतकऱ्याचा आहे. मुळांभोवतीच्या मातीत जिवाणूंची गर्दी असते हे जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी ओळखले आणि १९०४ मध्ये त्या भागाला ‘रायझोस्फिअर’ असे नाव दिले. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळविलेल्या कमाईचा एक हिस्सा मुळांवाटे शर्करा आणि आम्लांच्या रूपाने बाहेर टाकते. वरवर पाहता ही उधळपट्टी. प्रत्यक्षात ते वेतन आहे. मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपावर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट केले. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू मुळांवर थर धरतो आणि सर्फॅक्टिन नावाचे द्रव्य सोडून रोगकारक जिवाणूला रोखतो, असे २००४ मध्ये दिसून आले. २००८ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट समोर आली: रोपाच्या पानाला रोगाची लागण केली असता मुळे मॅलिक आम्लाचा स्राव वाढवितात आणि त्यामुळे बॅसिलस मुळांकडे ओढला जाऊन तेथे वस्ती करतो. दुखणे पानाला आणि हाक मुळांतून.

मातीलाही याचा लाभ मिळतो. चिकट आवरण मातीचे कण एकत्र बांधते आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. पावसाने ओढ दिली तरी मुळालगतची माती थोडी अधिक काळ ओलसर राहते. कोरडवाहू शेतकऱ्याला या ‘थोड्या’चे मोल सांगावे लागत नाही.

आपल्याकडे जिवाणू खते नवीन नाहीत. खरिपात सोयाबीन किंवा तूर पेरण्यापूर्वी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियमचे संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे, ही शिफारस कृषी खाते वर्षानुवर्षे करीत आहे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. तरीही अनेक शेतकरी ‘पाकीट लावले, फरक दिसला नाही’ असे सांगतात. पाकीट उन्हात पडून राहिल्याने जिवाणू मेलेले असणे हे एक कारण. पण पाकीट चांगले असले तरी अडचण संपत नाही. पाकिटातील जिवाणू मोकळे, एकेकटे असतात. मातीत पडताच ऊन, कोरडेपणा, आम्लता आणि तेथे आधीपासून वसलेले लक्षावधी प्रतिस्पर्धी त्यांना गाठतात आणि त्यांची संख्या झपाट्याने घसरते.

मग त्यांना वस्तीसकटच पाठविले तर? श्रीलंकेत कँडी येथील मूलभूत अध्ययन संस्थेत गामिनी सेनेविरत्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच विचार केला. बुरशीच्या धाग्यांचा सांगाडा घ्यायचा, त्यावर नत्र स्थिर करणारे जिवाणू थराच्या रूपात वाढवायचे आणि ही तयार वसाहत शेतात सोडायची. २००४ मध्ये त्यांनी सोयाबीनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेनिसिलियम बुरशीवर थर धरलेल्या ब्रॅडिरायझोबियमने, एकट्या जिवाणूच्या तुलनेत, मुळांवरील गाठी आणि नत्राचे स्थिरीकरण यांत सुधारणा दाखविली. पुढे चहा आणि भातावर चाचण्या झाल्या. अशा खतासोबत रासायनिक खताची मात्रा निम्म्यापर्यंत कमी करता येते, असा या गटाचा दावा आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत राधा प्रसन्ना यांच्या गटाने वेगळा मार्ग धरला. बुरशीऐवजी अ‍ॅनाबीना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या धाग्यांवर अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा ट्रायकोडर्मा वाढवून भात, गहू, कापूस, हरभरा अशा पिकांवर प्रयोग केले. शेवाळ स्वतःच सूर्यप्रकाशावर जगते आणि नत्रही स्थिर करते, हा त्याचा अधिकचा गुण.

यात आशा आहे, पण ‘निम्मे’ हा शब्द सावधपणे वाचायला हवा. निम्मे कमी म्हणजे उरलेले निम्मे आवश्यक आहे. श्रीलंकेनेच २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भात आणि चहाच्या उत्पादनाला जबर फटका बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. बायोफिल्म खताचे संशोधन ज्या देशात पुढारलेले आहे तेथेच हे घडले. मातीतील जिवाणू एका हंगामात हुकमाने कामाला लागत नाहीत. शिवाय एका जमिनीत दिसलेला परिणाम दुसरीत तसाच दिसेल याची खात्री नसते. नाशिकची काळी, कोकणातली जांभी आणि विदर्भातील चुनखडीयुक्त जमीन यांत तोच थर तीन तऱ्हेने वागू शकतो. विक्रेत्याने ‘बायोफिल्म तंत्रज्ञान’ असे बाटलीवर छापले म्हणून शेतकऱ्याने डोळे मिटून ती घ्यावी, अशी स्थिती अद्याप नाही. ज्याने-त्याने आपल्याच शेतात चार ओळी लावून आणि शेजारी चार ओळी न लावता पाहणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे.

एक अडचण तर कागदावरची आहे. खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जिवाणू खतांचा समावेश झाला. त्यातील मानकांनुसार भुकटीच्या स्वरूपातील रायझोबियम वा अ‍ॅझोटोबॅक्टर खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. निकृष्ट पाकिटांना आळा घालण्यासाठी असा नियम हवाच. मात्र ही मोजणी होते ती काचेच्या बशीत वाढणाऱ्या ठिपक्यांवरून, आणि एक ठिपका म्हणजे एक पेशी असे त्यात गृहीत असते. थरातील जिवाणू एकमेकांना चिकटलेले असतात. शेकडो पेशींचा एक पुंजका बशीत पडला तरी ठिपका एकच उमटतो. पुंजका फोडून मोजावा तर ज्या बांधणीसाठी हा खटाटोप केला तीच मोडते. त्यामुळे शेतात अधिक टिकणारे खत प्रयोगशाळेच्या तक्त्यात कमी गुणांचे दिसू शकते, आणि मोकळ्या पेशींनी खच्चून भरलेले पाकीट तपासणीत उत्तीर्ण होऊनही मातीत आठवड्याभरात निष्प्रभ ठरू शकते.